भयपटाची निष्ठा कशाशी? : ‘सायको’च्या तीन रूपांचा विचार

कादंबरीवरून चित्रपट निघाला, अथवा जुन्या चित्रपटाची पुनर्निर्मिती झाली, म्हणजे समीक्षक प्रथम कथानक ताडून पाहतो. प्रसंग गाळला तर दोष, जसाच्या तसा राखला तर गुण, असा हा ढोबळ हिशेब होय. भयपट व रहस्यपट यांच्या बाबतीत तो कसा फसतो, हे ‘सायको’च्या तीन रूपांवरून स्पष्ट होते.

रॉबर्ट ब्लॉक यांची मूळ कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्याच प्रकरणात नॉर्मन बेट्स व त्याची आई यांचा वाद रंगतो. आई केव्हाच मृत झालेली आहे, अशी शंकाही वाचकास येत नाही. कारण अवतरणचिन्हांत घातलेले बोलणे कोणा जिवंत व्यक्तीचेच असणार, हा लेखनसंकेत तो निमूटपणे स्वीकारतो. येथे चकवा आहे तो भाषेचा.

कॅमेऱ्यास ही सोय नाही. म्हणून आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६० च्या चित्रपटात आरंभच बदलला. कथा मॅरियन क्रेनपासून सुरू होते. तिने चोरलेल्या चाळीस हजार डॉलरांची चिंता प्रेक्षक वाहू लागतो, आणि नायिका म्हणून मानलेली ही स्त्री चित्रपट निम्म्यावर येण्यापूर्वीच मारली जाते. आईचा केवळ आवाज ऐकू येतो वा आकृती दिसते. जिन्यावरील खुनाच्या वेळी कॅमेरा उंचावर नेऊन तिचा चेहरा टाळला आहे. कादंबरीतील स्थूल, चाळिशीचा नॉर्मन येथे सडपातळ, संकोची तरुण होतो. प्रसंग व पात्रे बदलली; परंतु प्रेक्षकास काय कळावे व केव्हा कळावे, याची मूळ व्यवस्था अबाधित राहिली.

गस व्हॅन सँट यांची १९९८ ची पुनर्निर्मिती याच्या अगदी उलट आहे. रंग आला, चोरीची रक्कम चार लाख डॉलर झाली, काही थोडी दृश्ये नवी आली. एरवी दृश्यरचना, संवाद व बर्नार्ड हरमन यांचे संगीतही बव्हंशी तेच. तरी भय उणावते. वाक्य तेच असले, तरी श्रोता बदलला की उक्ती बदलते. न्हाणीघरात काय घडणार, हे १९९८ च्या बहुसंख्य प्रेक्षकांना आधीच ठाऊक होते.

यावर आक्षेप असा, की रहस्य ठाऊक असूनही हिचकॉक यांचा चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो. ते खरेच आहे. मात्र तेथे प्रत्येक योजना एका अडचणीचे उत्तर असते, आणि ते उत्तर कसे शोधले गेले हे पाहण्यात जाणत्या प्रेक्षकास रस वाटतो. पुनर्निर्मितीत उत्तरे उचलली गेली. जाणत्या प्रेक्षकास भिववावे कसे, हा तिचा स्वतःचा प्रश्न मात्र अस्पर्श राहिला.

तात्पर्य, अशा कृतीचे परीक्षण करताना मूळ कथेतील किती प्रसंग टिकले हे मोजण्यापेक्षा, तिने आपल्या प्रेक्षकाचे ज्ञान व अज्ञान कितपत ओळखले, हे पाहणे अधिक न्याय्य ठरेल.