अनुवादाची निष्ठा : एका चित्राच्या निमित्ताने

अमृता शेरगिल यांचे ‘वधूचा शृंगार’ (१९३७) हे तैलचित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ते पाहताना प्रथम जाणवते ती त्यातील स्तब्धता. मध्यभागी वधू बसली आहे, तिची केशरचना चालली आहे, भोवती काही आकृती आहेत. प्रसंग मंगल असूनही चित्रावर उदासीनतेची छाया आहे.

अजिंठ्याच्या दर्शनानंतर शेरगिल यांनी हे चित्र रंगविले. सतराव्या लेण्यात प्रसाधनमग्न राजस्त्रीचे प्रसिद्ध चित्र आहे. परंतु तेथील आकृतीची नक्कल येथे आढळत नाही. आढळते ती आकृती परस्परांजवळ बसविण्याची रीत, मातकट रंगांची संगती आणि रेषेचा संयम. पॅरिसमध्ये शिकलेल्या तैलरंगाच्या भाषेत अजिंठ्याचा हा अनुवादच झाला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अजिंठ्याच्या प्रतिकृतीही झाल्या. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात तयार केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीत नष्ट झाल्या. या परिश्रमांचे मोल कमी नव्हे. मूळ भिंतीवरील गिलावा झडला, तेथे उरलेली प्रतिकृती हाच पुरावा ठरतो. मात्र प्रतिकृती मुळाच्या जागी उभी राहू पाहते. अनुवादाला दुसऱ्या भाषेत स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

आपल्याकडे अनुवादाची परीक्षा बहुधा शब्दांच्या हिशेबाने होते. त्या हिशेबाने पाहिले तर शेरगिल यांनी पुष्कळ गमावले आहे. अजिंठ्याचे राजवैभव येथे नाही, तेथील प्रसन्न विलासही नाही. त्यांच्या जागी जे औदासीन्य आले ते चित्रकर्त्रीचे स्वतःचे आहे. हा मुळाशी द्रोह होय काय? मला तसे वाटत नाही. हे औदासीन्य अजिंठ्याकडून घेतलेल्या रचनेने तोलून धरले आहे. ती रचना काढून घेतली तर ते केवळ आत्मनिवेदन उरेल. अनुवादकाने आपले काही घालावे की नाही, हा वाद म्हणूनच अपुरा आहे. त्याने घातलेले मुळाच्या घडणीत सामावते काय, हे प्रत्येक कृतीपुरते तपासावे लागेल.