चित्रकलेच्या तासाला कलेचा इतिहास

आयोजकांनी विषय दिला तो असा: 'शालेय कलाशिक्षणात कलेचा इतिहास शिकवावा का?' याचं उत्तर एका शब्दात देता येईल, 'शिकवावा', आणि मग आपण सगळे चहाला मोकळे. पण इतिहास शिकवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे ठरवल्याशिवाय त्या 'शिकवावा'ला काही अर्थ नाही. म्हणून थोडा वेळ घेतो.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. मी चित्रकार नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तीन वर्षांपूर्वी नात्यातल्या मुलांना घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. लघुचित्रांच्या दालनात सातवीतली एक मुलगी एका पहाडी चित्रापुढे थांबली. गच्चीवर गालिचा अंथरलेला, त्यावर नायिका बसलेली. मुलगी म्हणाली, "आजोबा, हे चुकलंय. गालिचा वरून बघितल्यासारखा काढलाय आणि बाई समोरून. आमच्या सरांनी मार्क कापले असते." मी म्हणालो, "अगं, तेव्हा त्यांना पर्स्पेक्टिव्ह माहीत नव्हतं." तिचं समाधान झालं, ती पुढच्या चित्राकडे गेली. माझंही समाधान झालं होतं, हे जास्त वाईट.

ते उत्तर दोन प्रकारे चूक होतं. पहिली चूक माहितीची. १५८० साली गोव्याहून गेलेले जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारात पोचले. त्यांनी युरोपात छापलेलं सचित्र बायबल बादशहाला भेट दिलं. दरबारातल्या चित्रकारांनी युरोपीय छापील चित्रांच्या नकला केल्या. केसूदास, बसावन ही त्यातली ठळक नावं. दूरचं लहान आणि धूसर दाखवायची युक्ती त्यांनी उचलली, हवी तिथे वापरली, नको तिथे सोडून दिली. अठराव्या शतकातल्या पहाडी चित्रकारांपैकी काहींना ही मुघल परंपरा चांगली ठाऊक होती. म्हणजे 'माहीत नव्हतं' हे खरं नाही. त्यांना गालिच्याची नक्षी पूर्ण दाखवायची होती, आणि नायिकेचा चेहराही. एकाच जागी उभं राहून दोन्ही दिसत नाही. मग एकाच जागी उभं राहायचंच कशाला?

दुसरी चूक विचाराची. 'तेव्हा माहीत नव्हतं' असं म्हटलं की आपण गृहीत धरतो की सगळ्या चित्रांना एकाच गावाला जायचंय, कोणी लवकर पोचलं, कोणी वाटेत राहिलं.

आता ती मुलगी असं का म्हणाली? त्यात तिचा दोष नाही. आपल्याकडे शाळेतल्या चित्रकलेचा कणा म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात ब्रश दिला, ते मी कमी लेखत नाही. पण या विषयांत 'बघणं' कुठे आहे? दुसऱ्या कोणी काढलेलं चित्र समोर ठेवून त्याविषयी विचार करणं कुठे आहे? मुलगा पाच-सहा वर्षं चित्रं काढतो आणि एकही चित्र न पाहता बाहेर पडतो. एकही कविता न वाचता कविता करायला शिकवावं, तशातला हा प्रकार.

आणि गंमत अशी की इतिहास शिकवत नाही म्हणून तो तिथे नाही असं होत नाही. क्षितिजरेषा, व्हॅनिशिंग पॉइंट, दूर जाऊन मिळणारे रेल्वेचे रूळ हे आपण नियम म्हणून शिकवतो, न्यूटनच्या नियमासारखे. पण या पद्धतीला जन्मगाव आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं फ्लॉरेन्स. ब्रुनेलेस्कीने ती करून दाखवली, अल्बर्टीने १४३५ मध्ये ग्रंथ लिहून मांडली. आपल्याकडे ती शिस्त म्हणून आली ती ब्रिटिशांच्या कलाशाळांमधून. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. त्याच संस्थेतले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. म्हणजे दुसरी एक दृष्टी आपल्या या कलाशाळेसमोर वर्षानुवर्षं होती. शाळेच्या फळ्यापर्यंत मात्र रूळच पोचले. इतिहास वगळला की अभ्यासक्रम तटस्थ होत नाही. एक इतिहास निसर्गनियम होऊन बसतो आणि बाकीचे सगळे चुका ठरतात.

यावर आक्षेप येतात. पहिला: मुलांची उत्स्फूर्तता मारू नका. व्हिएन्नात चिझेकने आणि पुढे १९४३ च्या पुस्तकात हर्बर्ट रीडने बालकलेची बाजू मांडली, त्यामागे कळकळ होती. पण कुठल्याही मराठी शाळेत जा आणि 'मनाने चित्र काढा' म्हणा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. जिथे डोंगर नाही आणि नारळही नाही, तिथल्या मुलाच्या वहीतही हेच. ही उत्स्फूर्तता नव्हे, हा वारसा आहे, फक्त न ओळखलेला.

दुसरा आक्षेप आमच्या सौंदर्यशास्त्रातला. मर्ढेकरांनी संवाद, विरोध, समतोल ही लयतत्त्वं सांगितली. ती डोळ्याला कळली की पुरे, इतिहास कशाला? मला हा आक्षेप आदरणीय वाटतो. पण समतोल कशाकशात साधायचा आहे, हे कळल्याशिवाय तो साधला की नाही ते कसं कळणार? गालिचा 'चुकीचा' दिसतो आहे तोवर त्याच्या नक्षीची लय दिसतच नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सर्वांत खरा आहे. आठवड्याला एखादा तास, तोही परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. शिक्षण हक्क कायद्यात १०० हून अधिक पटाच्या सहावी ते आठवीच्या शाळांना कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे, अंशकालीन! त्या माणसाला आणखी एक विषय द्यायचा? आणि दिला तर त्याचं काय होईल ते मला दिसतंय: 'अजिंठा कोणत्या जिल्ह्यात आहे? रिकाम्या जागा भरा.' अशा इतिहासापेक्षा दोन डोंगर बरे.

म्हणून माझं म्हणणं असं की नवा विषय नकोच. वर्षभरात चार कलाकृती घ्या, आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा. कॉलिंगवुड नावाचा तत्त्वज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमधल्या आल्बर्ट स्मारकावरून रोज जायचा. त्याला ते भयंकर कुरूप वाटे. पण तो थांबला आणि स्वतःला विचारू लागला, हे करणारा नेमकं काय करू पाहत होता? यातूनच पुढे त्याने मांडलं की प्रत्येक विधान हे कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं, आणि प्रश्न सापडेपर्यंत उत्तराला बरोबर-चूक म्हणता येत नाही. चित्राचंही तसंच.

उदाहरण जवळचं घेऊ. आज वारली चित्र शाळेच्या कुंपणावर असतं, पणतीवर असतं, भेटकार्डावर असतं. दोन त्रिकोण जोडले की माणूस झाला, असं मुलांना शिकवतात. एकदा तरी विचारा, हे कोण काढायचं, कुठे, कशाने, केव्हा? मग कळतं की गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायच्या त्या सुवासिनी. चौकाच्या आत पालघाट देवी. तो लिहिल्याशिवाय लग्न पुरं होत नसे. मग १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे कागदावर काढू लागले, आणि भिंतीवरचं विधीचं चित्र प्रदर्शनात टांगलं गेलं. यातून काय मिळालं, काय गेलं? बायकांच्या हातातलं काम पुरुषांच्या नावावर कसं आलं? आठवीतलं मूल यावर उत्तम बोलू शकतं. त्यासाठी प्रोजेक्टर लागत नाही. डहाणू-जव्हारच्या शाळांत तर उत्तर देणारी आजी मुलाच्या घरीच असेल.

कोणी म्हणेल, मग सगळंच बरोबर? अजिबात नाही. चित्राला काय साधायचं होतं हे कळलं, की ते साधलं नाही असं म्हणायचा अधिकारही मिळतो. टीका तिथून सुरू होते. आणि पर्स्पेक्टिव्हही शिकवाच, कसून शिकवा. फक्त शिकवताना फ्लॉरेन्सचं नाव घ्या.

ती मुलगी आता दहावीत आहे. इंटरमिजिएटला तिला 'अ' श्रेणी मिळाली, त्याचे वाढीव गुणही मिळतील. माझं उत्तर चूक होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा त्या दालनात जायचं ठरवलंय. या वेळी मी उत्तर देणार नाही. 'बाई, गालिचा आणि गच्ची, तिन्ही पूर्ण दिसायला हवेत, तू कसं काढशील?' एवढंच विचारीन आणि कागद-पेन्सिल पुढे करीन.

थांबतो. चित्रकला शिक्षक बरेच दिसताहेत समोर, आधी त्यांचे प्रश्न घेऊ.