कमलाला कोणी विचारले?

विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ नाटकाविषयी बोलताना आपण बहुधा पत्रकार जयसिंग जाधव आणि त्याची पत्नी सरिता यांच्याविषयीच बोलतो. जिच्या नावाने नाटक आहे, ती मागेच राहते.

१९८१ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी एक स्त्री विकत घेऊन स्त्रियांच्या व्यापाराला वाचा फोडली. नाटकाचे बीज त्या घटनेत आहे. जयसिंग कमलाला अडीचशे रुपयांना आणतो व पत्रकार परिषदेत उभी करतो. तिथे तिला प्रश्न विचारले जातात, पण चवीसाठी. पुढे तिची रवानगी एका संस्थेत होते. सरिता तिला घरी ठेवू पाहते, जयसिंग नाकारतो. कमलाची इच्छा दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

नाटकातला सर्वांत धारदार प्रश्न मात्र कमलाच विचारते: सरिताला केवढ्याला विकत घेतले? या एका प्रश्नाने गृहिणी आणि बाजारातली बाई यांच्यातली भिंत कोसळते. पण त्यानंतर सारा प्रकाश सरितावर पडतो. कमलाचे मौन हीच तेंडुलकरांची टीका, असे कोणी म्हणेल. ते अंशतः खरे आहे. तरीही सरिताला जागे करून कमला रंगमंचावरून नाहीशी होते, आणि प्रेक्षकालाही तिची आठवण राहत नाही, ही उणीव उरतेच.

ही उणीव नाटकापुरती नाही. २०१९ साली मुंबईत वेश्याव्यवसायातून सोडवलेल्या २०, २२ व २३ वर्षांच्या तिघींना दंडाधिकाऱ्यांनी संस्थेत ठेवण्याचा आदेश दिला. त्यांच्या जमातीत ही प्रथा असल्याने आईवडिलांकडे देणे धोक्याचे, हे एक कारण होते. काळजी खोटी नव्हती. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सज्ञान स्त्रीला इच्छेविरुद्ध डांबता येत नाही आणि १९५६च्या कायद्याने वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

अल्पवयीन मुलीला सोडवताना तिच्या संमतीची वाट पाहायची नसते. तिथे दुमत नाही. विशीतल्या मुलीला मात्र आधार हवा, कुलूप नको. धंद्यात ढकलणारा आणि सोडवून कोंडणारा यांचे हेतू भिन्न आहेत. पण तिला न विचारणे दोघांतही समान आहे.

आपल्या हैदराबादेत ‘मेहबूब की मेहंदी’ ही वस्ती १९९६ साली उठवली गेली. तेथील स्त्रियांच्या मुलांसाठी शाळा काढून ‘प्रज्वला’ संस्थेचे काम सुरू झाले. वस्ती उठते, कलंक उठत नाही. तो पुसण्याचे काम शेवटी घरांचे आहे: भाड्याची खोली देणाऱ्या, कामाला ठेवणाऱ्या, सून म्हणून स्वीकारणाऱ्या घरांचे. गौलीगुड्यातल्या आपल्या जुन्या घरांना ‘कमला’ पुन्हा वाचताना सरिताचे दुःख चटकन आपले वाटेल. कमलाचे तसे वाटेल का, ही या नाटकाची आणि आपलीही खरी कसोटी आहे.