वल्हे मारण्याचे शिक्षण : क्रांत्सच्या वर्णनाचे मूल्य

मोरावियन पंथीय लेखक डाविड क्रांत्स हा १७६१-६२ मध्ये ग्रीनलंडात राहिला. १७६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जर्मन ग्रंथात कयाकवरील शिकाऱ्यांचे दहा सराव नोंदविलेले आहेत. हा उतारा केवळ कसरतींची यादी म्हणून वाचल्यास त्याचे मर्म हाती लागत नाही. तो अध्यापनपद्धतीचा आलेख म्हणून वाचला पाहिजे.

अर्वाचीन शिक्षणपुस्तिकांत फटक्यांचे वर्गीकरण सामान्यतः त्यांच्या परिणामावरून केलेले असते : नाव पुढे नेणारा, मागे नेणारा, वळविणारा, बाजूस ओढणारा, तोल सावरणारा. वर्गीकरण म्हणून ते निर्दोष आहे. परंतु शिकण्याचा क्रम त्यातून निष्पन्न होत नाही. क्रांत्सच्या नोंदीचे सूत्र आहे ते आपत्तीचे. प्रथम पाण्यावर आडवे होऊन वल्ह्याच्या आधाराने तोल राखावयाचा. नंतर पूर्ण उलटून एका फटक्यासरशी वर यावयाचे. पुढे वल्हे नावेवरील वाद्यांत अडकले आहे असे मानावयाचे. आणि वल्हेच हातचे गेले, तर हार्पून फेकण्याची फळी, सुरी किंवा नुसता तळहात यांवर भिस्त ठेवावयाची. हा शेवटचा उपाय क्वचितच साधतो, हेही तो प्रांजळपणे नमूद करतो. येथे प्रत्येक क्रियेमागे तिचे प्रयोजन उभे आहे.

तथापि क्रांत्सची दृष्टी प्रेक्षकाची आहे. काय घडते हे तो सांगतो. ते हातून कसे घडवावे हे त्यावरून कळत नाही. पुढे जाताना पाते पायांजवळ पाण्यात शिरावे, कमरेजवळ बाहेर यावे, जोर दंडाचा नसून धडाच्या पिळाचा असावा, हे विवेचन अर्वाचीन पुस्तिकांचे श्रेय होय. शिवाय ग्रीनलंडचे अरुंद पात्याचे वल्हे बहुधा आडव्या कोनात चालते, तर रुंद पात्याचे वल्हे उभ्या कोनातही चालविले जाते. दोहोंना एकच नियम लावणारा शिक्षक विद्यार्थ्याच्या मनात गोंधळ निर्माण करतो.

इंग्रज संशोधक गिनो वॉटकिन्स १९३०-३१ च्या मोहिमेत उलटलेली कयाक सरळ करण्याची विद्या ग्रीनलंडवासीयांकडूनच शिकला. २० ऑगस्ट १९३२ रोजी तो एकटाच शिकारीस गेला. नंतर त्याची रिकामी कयाक सापडली. यावरून त्या विद्येस दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण एकट्याचे कौशल्य हे आपत्तीवरील अखेरचे उत्तर नव्हे, एवढे निश्चित. म्हणून फटका, वल्हे आणि प्रसंग ही तिन्ही एकत्र शिकविली, तरच ते शिक्षण पुरे म्हणता येईल.