भोंगा वाजला, पुढे काय?

शिक्षकमित्रांनो, एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. तुमची शाळा एखाद्या औद्योगिक वसाहतीपासून किलोमीटरभर अंतरावर आहे. सकाळचे साडेअकरा वाजले आहेत, वर्ग भरलेले आहेत, आणि एका रासायनिक कारखान्याचा भोंगा वाजू लागतो. पाळी बदलण्याची ही वेळ नव्हे. थोड्या वेळाने वाऱ्याबरोबर उग्र वास येऊ लागतो. अशा वेळी मुख्याध्यापकांनी काय करावे?

हा प्रश्न आम्ही ओळखीच्या काही शिक्षकांना विचारला. बहुतेकांचे उत्तर एकच आले : घंटा द्यावी आणि शाळा सोडून द्यावी. हे उत्तर स्वाभाविक आहे. पाऊस फार झाला, गावात काही गडबड झाली, तर आपण तेच करतो. परंतु विषारी वायूची गळती झाली असेल तर शेकडो मुलांना उघड्या रस्त्यावर आणणे ही सर्वांत मोठी चूक ठरू शकते. यात दोष शिक्षकांचा नाही. या प्रश्नाचे उत्तर सरकारदरबारी लिहून तयार असले पाहिजे, अशी तरतूद नियमांत आहे. ते उत्तर ज्या कागदात असायला हवे त्याचे नाव ‘आपत्कालीन आराखडा’. आपण उत्तरपत्रिका तपासतो त्याच नजरेने हा आराखडा तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

नियम काय सांगतात?

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. त्याखाली १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे नियम आले. त्यांनी दोन आराखड्यांची योजना केली. कारखान्याच्या आवारातील आराखडा कारखानदाराने करायचा, आवाराबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा. पहिल्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी आणि दुसऱ्याची वर्षातून एकदा तरी घ्यायची, असेही ठरले. याच नियमांपैकी पंधरावा नियम आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. अपघाताची झळ ज्यांना पोचू शकते अशा कारखान्याबाहेरच्या लोकांना धोक्याचे स्वरूप काय आहे, आणि अपघात झाला तर काय करावे व काय करू नये, हे आधीच कळवण्याची जबाबदारी त्याने कारखानदारावर टाकली. ही माहिती त्याने स्वतः द्यावी किंवा जिल्हा यंत्रणेमार्फत द्यावी.

पुढे १९९६ साली रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीविषयी स्वतंत्र नियम आले. त्यांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर संकट-निवारण गट नेमले. म्हणजे कागदावर आपल्याकडे काही उणे नाही. मग भोंगा वाजल्यावर काय करायचे हे शाळेला ठाऊक का नसते?

आराखडा कोणासाठी लिहिला जातो?

एका औद्योगिक वसाहतीचा असा आराखडा आम्ही वाचला. त्यात रसायनांची नावे व साठ्यांची कोष्टके होती, अधिकाऱ्यांची पदे व दूरध्वनी क्रमांक होते, अग्निशमन केंद्रे व रुग्णालये यांच्या याद्या होत्या, धोक्याच्या क्षेत्राची वर्तुळे काढलेला नकाशा होता. ही सर्व माहिती आवश्यकच आहे. पण त्या वर्तुळांच्या आत राहणाऱ्या माणसांसाठी एवढाच मजकूर होता : घाबरू नये, अफवांवर विश्वास ठेवू नये, प्रशासनास सहकार्य करावे.

आता हे उत्तर तपासू. भोंगा किती वेळ आणि कसा वाजला म्हणजे गळती समजायची? दारे-खिडक्या लावून आत बसायचे की बाहेर पडायचे? बाहेर पडायचे तर कोणत्या दिशेने? धोका टळला हे कोण सांगणार आणि कसे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही. विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर आपण त्याला गुण दिले नसते. शिवाय हा सारा दस्तऐवज इंग्रजीत होता. ज्याने वाचायचा त्याच्यासाठी तो लिहिलेलाच नव्हता. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तो लिहिला होता.

आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. शेजाऱ्याला माहीत नसलेला आराखडा हा अपुरा आराखडा नव्हे, तर तो आराखडाच नव्हे. कारण अपघाताची पहिली पंधरावीस मिनिटे शेजाऱ्याच्या हातात असतात, अधिकाऱ्याच्या नव्हे.

दोन रात्री

हे विधान तपासून पाहण्यासाठी २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधली भोपाळची रात्र आठवू. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीत पाणी शिरले आणि त्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. हे द्रव्य ३९ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असते. त्यामुळे ती वस्तीवर जमिनीलगत पसरली. शीतकरण यंत्रणा बंद होती आणि ज्वलन-मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. या चुकांची चर्चा पुष्कळ झाली आहे. भोंग्याची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली. लोकांसाठी असलेला भोंगा सुरू करून थोड्याच वेळात बंद करण्यात आला, आणि पुन्हा वाजला तो पुष्कळ उशिरा. लोक खोकत उठले आणि वाट फुटेल तिकडे धावले. धावताना श्वास खोल व जलद होतो, म्हणजे विषही अधिक आत जाते. या वायूची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, म्हणून तोंडावर ओला कपडा धरल्याने काही बचाव झाला असता. हा उपाय करण्यास एक पैसाही लागत नव्हता. तो कोणी सांगितला नव्हता, एवढेच. भरपाईसाठी पुढे सरकारने मान्य केलेल्या मृत्यूंचा आकडा पाच हजारांवर गेला.

दुसरी रात्र ७ मे २०२० ची, विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटापुरम गावची. टाळेबंदीनंतर पुन्हा सुरू होऊ घातलेल्या एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून पहाटे तीनच्या सुमारास स्टायरीनची वाफ गावात शिरली आणि बारा माणसे दगावली. राज्य सरकारने नेमलेल्या समितीला आढळले, की धोक्याचा इशारा देण्याची सोय कारखान्यात ३६ ठिकाणी होती, परंतु भोंगा वाजलाच नाही. भोपाळनंतर ३५ वर्षे लोटली होती, दोन्ही नियमावल्या अस्तित्वात होत्या, यंत्रही होते. लोकांना वेळीच सांगायचे, ही सवय तेवढी नव्हती.

‘लोक घाबरतील’

माहिती का देत नाही असे विचारले तर ठरलेले उत्तर मिळते : लोक विनाकारण घाबरतील. या युक्तिवादाचाही प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे, कारण चेंगराचेंगरीचा धोका खोटा नाही. पण अनुभव काय सांगतो? १० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री कॅनडातील मिसिसागा शहरात क्लोरीन व इतर रसायने वाहून नेणारी मालगाडी रुळांवरून घसरली. दोन लाखांहून अधिक लोकांना घरे सोडण्यास सांगण्यात आले. ते सारे बाहेर पडले आणि एकही मृत्यू झाला नाही. उलट इटलीतील सेवेसो येथे १० जुलै १९७६ रोजी डायऑक्सिनचा ढग पसरला, तेव्हा लोकांना हलवण्यास सुरुवात व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला. या अनुभवातूनच पुढे १९८२ साली युरोपीय देशांचा ‘सेवेसो निर्देश’ आला आणि धोक्याच्या क्षेत्रातील लोकांना माहिती देणे तेथे बंधनकारक झाले. माहिती असलेली माणसे घाबरली तरी काय करायचे ते करतात. माहिती नसलेली माणसे फक्त घाबरतात.

नक्कल केलेला सल्ला

काही आराखड्यांत ‘घरात थांबा, दारे-खिडक्या बंद करा’ असा स्पष्ट सल्ला असतो. तो चांगलाच आहे, पण तो आपल्या इमारतींना कितपत लागू पडतो हे कोणी तपासलेले दिसत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गणित घालून पाहावे. बंद खोलीतील हवा तासाला एकदा बदलते असे धरले, तर वायूचा ढग वीस मिनिटे बाहेर राहिल्यावर आतील प्रमाण बाहेरच्या सुमारे २८ टक्के होते. हे मोठेच संरक्षण झाले. पण तावदाने फुटलेली, झरोक्यांना नुसती जाळी, दार नीट न लागणारे, अशा वर्गात हवा तासाला पाच वेळा बदलते असे धरा. मग तेच प्रमाण सुमारे ८१ टक्के होते. म्हणजे एकच सल्ला एका शाळेत जीव वाचवील, तर दुसऱ्या शाळेत फसवील. प्रत्येक मजल्यावर एकदोन तरी नीट बंद होणाऱ्या खोल्या हव्यात, हे सांगणारा आराखडा आमच्या पाहण्यात नाही. ढग निघून गेल्यावर खिडक्या लगेच उघडायच्या असतात, नाहीतर आत साचलेला वायू तसाच राहतो. हेही सहसा लिहिलेले नसते.

दिशेचेही तसेच आहे. वारा सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहत असेल, तर ढग एक किलोमीटर अंतर आठ-नऊ मिनिटांत कापतो. भरभर चालणारा माणूस त्याहून सावकाश जातो. म्हणून वाऱ्याबरोबर पळण्यात अर्थ नसतो, वाऱ्याला आडवे जायचे असते. त्यासाठी वारा कोठून येतो हे दिसले पाहिजे. कारखान्यात त्यासाठी वातदर्शक कापडी पिशवी उंचावर टांगलेली असते. शाळेच्या ध्वजस्तंभाजवळ तशीच एक टांगायला फारसा खर्च नाही.

रसायनाप्रमाणे सल्ला बदलतो, हेही ध्यानात घ्यावे. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो, तेव्हा वरच्या मजल्यावर जाणे बरे. अमोनिया हवेपेक्षा हलका, असे आपण शिकवतो आणि ते खरेही आहे. तथापि दाबाखाली द्रवरूप केलेला अमोनिया फुटून बाहेर आला, तर त्याचा थंड, धुक्यासारखा ढग सुरुवातीला जमिनीलगतच सरकतो. म्हणून शेजारच्या कारखान्यात नेमके काय साठवले आहे, हे कळल्यावाचून खरा आराखडा होऊच शकत नाही.

रंगीत तालीम

राहता राहिली तालीम. आम्ही पाहिलेली तालीम आधी तारीख कळवून, दिवसाउजेडी झाली. रुग्णवाहिका फाटकाशी तयार होती, पाहुण्यांसाठी मंडप होता, आणि शेवटी ती यशस्वी झाल्याचे जाहीर करण्यात आले. फाटकाबाहेरच्या चहावाल्याला मात्र भोंगा कशाचा ते माहीत नव्हते. तालमीचा उद्देश चुका सापडणे हा आहे. ज्या तालमीत एकही चूक सापडत नाही ती तालीम नव्हे, तो नाटकाचा प्रयोग. भोपाळ व विशाखापट्टणम दोन्ही ठिकाणी वेळ रात्रीची होती. रात्री एक वाजता तालीम घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतील वीस घरांत जाऊन भोंगा ऐकू आला का, त्याचा अर्थ कळला का, असे विचारावे. एवढी साधी परीक्षा पुरेशी आहे.

शाळेने काय करावे?

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येऊ. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. माणसे गेली, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. दोन्ही दिवशी वार गुरुवार होता. पहिला स्फोट दुपारी बाराच्या आत झाला, दुसरा दुपारी दोनच्या आत. वेळ शाळा भरलेली असण्याची होती, पण महिना मे होता, म्हणून शाळांना सुट्टी होती. मुलांचे रक्षण त्या दोन दिवशी कोणत्याही आराखड्याने केले नाही, सुट्टीने केले.

१९९६ च्या नियमांनी स्थानिक संकट-निवारण गटाच्या सभासदांची यादी दिली. तीत कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस, डॉक्टर, सरपंच, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक, समाजसेवक आहेत. शिक्षकाचे नाव वेगळे म्हणून त्यात नाही. दिवसातील पाच-सहा तास गावातील सर्वाधिक मुले ज्याच्या ताब्यात असतात, तोच यादीतून सुटला आहे. तरीही समाजसेवक किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी म्हणून शिक्षकाला तेथे बसता येते, आणि तसा आग्रह धरायला हवा.

त्याआधी करण्याजोगी एक गोष्ट आहे. शाळेच्या कागदावर, मुख्याध्यापकांच्या सहीने, शेजारच्या कारखान्याला व तहसील कार्यालयाला एक पत्र लिहावे. त्यात चारच प्रश्न विचारावेत : तुमच्याकडे कोणते घातक रसायन साठवलेले आहे? तुमच्या भोंग्याचे संकेत कोणते? आमच्या शाळेने आत थांबायचे की बाहेर पडायचे? धोका टळल्याचे आम्हाला कोण कळवणार? उत्तर आले तर ते मराठीत, मोठ्या अक्षरांत प्रत्येक वर्गात लावावे आणि वर्षातून दोनदा त्याची तालीम घ्यावी. उत्तर आले नाही तर तेही एक उत्तरच आहे. मग तेच पत्र स्थानिक संकट-निवारण गटाच्या सभेत वाचले जाईल, असे पाहावे.