‘आपण कोण?’ : भेदभावाच्या एका प्रश्नाचा वाङ्मयीन विचार

भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले. पुढे १९५५ च्या अधिनियमाने तिचे आचरण शिक्षापात्र ठरविले, १९७६ च्या सुधारणेने त्या अधिनियमाला नागरी हक्क संरक्षणाचे नाव व अधिक धार दिली, आणि १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला. या सर्व कायद्यांची दृष्टी प्रामुख्याने कृतीवर आहे. विहिरीवर केलेली मनाई, देवळाच्या दारात केलेला अडथळा, दिलेली शिवी, केलेली मारहाण या गोष्टी कायद्याला दिसतात व सिद्ध करता येतात. परंतु या कृतींच्या आधी एक क्षण येतो. त्या क्षणी कोणी कोणाला काही करीत नाही; फक्त विचारतो. ‘आपण कोण?’ हा तो प्रश्न होय. सामाजिक भेदाचे चिवटपण समजून घ्यावयाचे असेल तर या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे, आणि त्याची साधने कायद्याच्या ग्रंथांपेक्षा वाङ्मयात अधिक सापडतात. वेगवेगळ्या काळांतील तीन कृती या दृष्टीने एकत्र वाचण्यासारख्या आहेत.

पहिली कृती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या शीर्षकाने ओळखले जाणारे त्यांचे इंग्रजी आत्मपर लेखन १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील पहिला प्रसंग १९०१ सालचा, सातारा जिल्ह्यातील आहे. वडील गोरेगावला नोकरीस. सुट्टीत मुले त्यांच्याकडे निघालेली. मसूर स्टेशनावर गाडीतून उतरलेल्या या मुलांच्या अंगावर नवे कपडे, डोक्यावर झगझगीत टोप्या. न्यायला कोणी आलेले नाही हे पाहून स्टेशनमास्तर आपण होऊन चौकशी करतो. त्याच्या चौकशीत आस्था आहे. मग तो मुले कोण हे विचारतो, आणि लहान भीमराव क्षणाचाही विचार न करता आपण महार असल्याचे सांगून टाकतो. स्टेशनमास्तराचा चेहरा पालटतो व तो आपल्या खोलीकडे निघून जातो.

या प्रसंगाचे वाङ्मयीन मोल त्यातील क्रमात आहे. स्टेशनमास्तर दुष्ट म्हणून आरंभी येत नाही. दुष्ट म्हणून तो शेवटीही जात नाही. काही वेळाने परत येऊन गाडीची तोड तोच सुचवितो: मुलांनी दुप्पट भाडे द्यावे, बैल स्वतः हाकावेत, आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. येथे द्वेषाचा एकही शब्द उच्चारला जात नाही. एक अडचण उत्पन्न झाली, तिच्यावर व्यवहारी तोडगा निघाला, आणि सर्वांच्या सोयीने भेद जसाच्या तसा राहिला. पुढे रात्री जकातनाक्यावर पाणी मागावयाचे तर स्वतःला मुसलमान म्हणवावे, असा सल्ला गाडीवान देतो. तोही एका अर्थी मदतच करीत असतो. तरीही पाणी मिळत नाही, व शिदोरी जवळ असूनही मुले उपाशी निजतात. माणसे एकेकटी बऱ्यापैकी सौजन्याने वागत असताना त्यांच्या वागण्याची बेरीज क्रौर्यात कशी होते, हे या काही पृष्ठांत जितक्या शांतपणे दाखविले आहे तितक्या शांतपणे ते क्वचितच दाखविले गेले असेल. लेखकाचा आवाज कोठेही चढत नाही. म्हणूनच वाचकाला दोष एखाद्या खलपुरुषाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही.

दुसरी कृती बाबुराव बागुल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे संविधान अमलात येऊन एक तप उलटून गेल्यावर. कथेतील निवेदक स्वतंत्र भारताचा नागरिक म्हणून, नव्या युगाच्या स्वप्नांनी भारलेल्या मनाने, गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो. त्याला राहावयास खोली हवी आहे. तेथे पुन्हा तोच प्रश्न येतो. मसूरच्या मुलाने भाबडेपणाने दिलेले उत्तर हा तरुण देत नाही. जातीचे नाव न घेता तो आपण मुंबईकर असल्याचे अभिमानाने सांगतो. पुढे त्याच्या कवित्वावर लुब्ध झालेला सहकारी त्याला गुरुस्थानी मानतो, घरी नेतो, पंक्तीला बसवितो. आणि जात कळताच त्याच मंडळींच्या हातून त्याला मार बसतो.

शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापद सूक्ष्म विचाराला पात्र आहे. मनुष्य दुसऱ्याची वस्तू चोरतो; येथे निवेदकाने स्वतःचीच जात चोरली आहे. म्हणजे ती त्याची नव्हेच! ती समाजाच्या मालकीची, त्याच्याजवळ केवळ बाळगावयास दिलेली, मागताक्षणी दाखवावयाची वस्तू आहे. न दाखविणे हा अपहार, व मार ही त्याची शिक्षा. एका क्रियापदात बागुलांनी प्रश्नकर्त्याचा गृहीत अधिकार उघडा पाडला आहे. प्रश्न विचारणाऱ्यास ‘तुम्हांस हे कशाला हवे?’ असे उलट विचारण्याची सोय या व्यवहारात नाही, आणि भेदाचे बळ नेमके या गैरसोयीत आहे.

या कथेच्या शेवटाविषयी मात्र मतभेदास जागा आहे. आपल्याला मारले ते या माणसांनी नव्हे, मनूने, अशा आशयाचा उद्गार निवेदकाच्या तोंडी येतो. त्यातील औदार्य निर्विवाद आहे. सूडाचा मार्ग नाकारून तो रोगावर बोट ठेवतो, रोग्यावर नव्हे. तथापि निदान म्हणून हा उद्गार अपुरा वाटतो. प्राचीन स्मृतिकार दोषी ठरला की वर्तमानातील हात निर्दोष ठरू लागतात. वस्तुतः कथेचा मध्य तिच्या शेवटापेक्षा अधिक जाणता आहे. खोलीचा शोध, जेवणाचे आमंत्रण, कवीविषयीचा आदर या साध्या गोष्टींतून बागुल जे दाखवितात त्याला कोणत्याही स्मृतिग्रंथाचा आधार लागत नाही. त्या सहकाऱ्यांनी मनुस्मृती वाचली असण्याचे कारण नाही. त्यांनी शेजारी पाहिले आहेत, आणि तेवढे पुरेसे आहे.

तिसरी कृती ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन. आयदान म्हणजे बांबूची विणलेली सुपे, टोपल्या; रत्नागिरी परिसरात लेखिकेची आई ती विणून घर चालवीत असे. तयार आयदाने घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जावे तो उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागे. टोपलीवर पाणी शिंपडून मगच ती उचलली जाई, आणि पैसे वरून हातात टाकले जात. येथे प्रश्न विचारलाच जात नाही, कारण गावाला उत्तर ठाऊक आहे. टोपली हवी, तिची वीण हवी. विणणारा हात तेवढा नको. मसूरच्या वाटेवर जे पाणी तहानेसाठी मिळाले नाही तेच येथे शुद्धीसाठी सढळ हाताने शिंपडले जाते, हा विरोध तिन्ही कृती शेजारी ठेवल्यावाचून ध्यानात येत नाही. या व्यवहारात रागालोभाचा अंश नाही. गिऱ्हाईक स्त्री कदाचित प्रेमाने दोन शब्द बोलतही असेल. जी गोष्ट रोज, सहज, हसतमुखाने केली जाते ती अन्याय असल्याचा संशय करणाऱ्यास येत नाही, आणि म्हणूनच ती आईकडून मुलीकडे स्वयंपाकासारखी शिकविल्यावाचून जाते.

आजची परिस्थिती पाहता या तिन्ही कृतींतील प्रश्न कालबाह्य झाला, असे म्हणता येणार नाही. २०११-१२ च्या भारतीय मानवविकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळत असल्याची कबुली दिली. शहरांतही हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, समान पात्रतेचे अर्ज खाजगी कंपन्यांकडे धाडले असता दलित आडनावाच्या अर्जांना अनुकूल प्रतिसाद कमी मिळाल्याचे आढळले. येथे तर प्रश्न उच्चारण्याचेही कारण उरले नाही. आडनावाने उत्तर आधीच दिलेले असते. जेथे आडनावावरून उलगडा होत नाही तेथे गाव विचारले जाते, आणि भाड्याची खोली दाखविताना जेवणात काय चालते याची चौकशी होते. प्रत्येक पृच्छा आपापल्या जागी निरुपद्रवी आहे. कायदा ज्याला हात घालू शकत नाही असे भेदाचे निवासस्थान ते हेच.

या विवेचनाचा एक निष्कर्ष समीक्षेलाही लागू होतो. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. ‘दलित साहित्य’ हे नाव त्या लेखकांनी स्वतः, स्वाभिमानाने उचलले. ते त्यांचे उत्तर होते. परंतु अभ्यासक्रमांत व समीक्षेत त्या नावाचा उपयोग पुष्कळदा प्रश्नासारखा झाला. कृती हाती येताच ती कोणाची हे प्रथम पाहावयाचे, तिच्यातील ‘दाहक अनुभवा’ला आदरपूर्वक वंदन करावयाचे, आणि तिची रचना, तिचा उपरोध, तिच्या क्रियापदांची निवड यांकडे न वळता तिला वेगळ्या प्रकरणात बसवावयाचे, ही रीत रूढ झाली. हे वागणे आदराचे आहे यात शंका नाही. मसूरच्या स्टेशनमास्तराचे वागणेही आस्थेचेच होते. आंबेडकरांचा संयम, बागुलांच्या शीर्षकातील एक शब्द, पवारांच्या टोपलीवरील पाण्याचे थेंब यांचा विचार ज्या बारकाईने कोणत्याही श्रेष्ठ गद्याचा व्हावा त्याच बारकाईने होईल, तेव्हाच या कृतींना उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागणार नाही.