दंतचक्रांचा अर्धवट धडा

मुलांसाठी लिहिलेल्या यंत्रांवरील पुस्तकांत दंतचक्रांची आकृती बहुधा एकाच साच्याची असते. एक मोठे चाक, एक लहान चाक, दोन बाण आणि खाली वाक्य : ‘दंतचक्रांमुळे गती कमी-जास्त करता येते.’ वाक्य खरे आहे, पण त्यावर धडा संपतो ही आमची तक्रार. काही पुस्तके तर ‘शक्ती वाढते’ असे लिहून मोकळी होतात. ते मात्र साफ चूक.

रबर मळण्याच्या मिलचे उदाहरण घेऊ. एडविन चॅफी याने १८३६ साली अमेरिकेत अशा यंत्राचे पेटंट घेतले. दोन आडवे पोकळ रूळ एकमेकांकडे फिरतात आणि मधल्या फटीत रबर, काजळी, गंधक मळले जातात. समजा, १०० किलोवॅटची मोटर मिनिटाला १००० फेरे घेते आणि रूळ २५. मोटरच्या दांड्यावर टॉर्क सुमारे ९५५ न्यूटन-मीटर. गती ४० पटीने घटली, की टॉर्क सुमारे ३८,२०० होतो. शक्ती मात्र तेवढीच. घर्षणामुळे किंबहुना थोडी कमीच.

रसवंतीतील चरकाचे रूळ सामान्यतः सारख्या वेगाने फिरतात, कारण तिथे ऊस दाबायचा असतो. रबर नुसते दाबून मिसळत नाही, ते घासले जावे लागते. म्हणून मिलचे दोन रूळ मुद्दाम वेगवेगळ्या वेगाने फिरवतात. त्यांना जोडणाऱ्या चक्रांना २० व २४ दाते दिले, तर वेगांचे गुणोत्तर १:१.२ होते. पण येथे मसावि ४ आहे. लहान चाकाचा एक दात मोठ्याच्या फक्त ६ दातांनाच भेटत राहतो. एखादा दात खराब असेल, तर झीज त्याच जोड्यांत साचते. १९ व २३ घेतले, की प्रत्येक दात पाळीपाळीने सर्व २३ दातांना भेटतो आणि गुणोत्तर जवळजवळ तेच राहते. सातवीच्या वर्गात मसावि शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही.

फट कमी-जास्त करताना रुळांतील अंतर बदलते. म्हणून या चक्रांचे दात नेहमीपेक्षा लांब ठेवतात. इन्व्होल्यूट आकाराच्या दातांमुळे अंतर थोडे बदलले तरी वेगांचे गुणोत्तर बदलत नाही. दाताच्या आकाराविषयी आपली पुस्तके चकार शब्द काढत नाहीत.

आणि थांबण्याविषयीही नाही. फटीत रबराबरोबर कामगाराचा हातही ओढला जाऊ शकतो. सुरक्षा-दांडी दाबताच रूळ काही अंशांतच थांबले पाहिजेत. ब्रेक मोटरच्या बाजूला असेल, तर त्या क्षणी भार दातांच्या नेहमीच्या नव्हे, विरुद्ध बाजूवर येतो, तोही धक्क्यासारखा. चक्रे बेतणाऱ्याला हा धक्का रोजच्या भाराबरोबर हिशेबात धरावाच लागतो. तेव्हा दात तुटला, तर ब्रेक लागूनही रूळ फिरत राहतो.